चार चौकटींचा धंदा: वर्तमानपत्रातल्या स्ट्रिपबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत बसून मी एका जिल्हा दैनिकासाठी रोजची स्ट्रिप काढतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात, मोंढ्यात, लग्नाच्या पंगतीत लोक भेटतात आणि प्रश्न तेच असतात. फोनवर अर्धवट उत्तरं देण्यापेक्षा इथं नीट लिहून ठेवतो. राजकीय व्यंगचित्राबद्दल फार अपेक्षा ठेवू नका, ती माझी गल्ली नाही.

स्ट्रिप आणि व्यंगचित्र यात फरक काय?

अग्रलेखाच्या पानावरचं मोठं व्यंगचित्र कालच्या बातमीवर मत देतं. पॉकेट कार्टून म्हणजे एका कॉलमात बसणारी एकच चौकट. आर. के. लक्ष्मण यांचं १९५१ साली सुरू झालेलं सदर सगळ्यांना ठाऊक आहे, त्यातला सामान्य माणूस कधी तोंड उघडत नाही. स्ट्रिपला तीन-चार चौकटी असतात, माणसं ठरलेली असतात आणि ती रोज येतात.

यातलं 'रोज' महत्त्वाचं. रोज चांगला विनोद कुणालाच जमत नाही. तरी लोक स्ट्रिप वाचतात, कारण त्या माणसांची सवय झालेली असते. दुधाच्या रतीबासारखा हा मामला आहे. एखाद्या दिवशी दूध पातळ आलं तर गिऱ्हाईक कुरकुर करतं, पण आलंच नाही तर दारात येऊन उभं राहतं. नवखी पोरं विनोदांची वही भरत बसतात. मी त्यांना सांगतो, आधी चार माणसांचं एक घर उभं करा. कोण कुणावर का चिडतं हे ठरलं की निम्मे विनोद त्यांच्या भांडणातूनच निघतात.

मराठीत हे कुणी चालवून दाखवलंय का?

दाखवलंय. २१ नोव्हेंबर १९९१ला पुण्याच्या 'सकाळ'मध्ये 'चिंटू' सुरू झाला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ती जोडी. पुढं तो 'लोकसत्ता'तही आला, २०१२ साली त्याच्यावर सिनेमाही निघाला. आपल्याकडच्या घराघरांत लेकरांनी पेपर मागून शेवटच्या पानाकडून उघडायला सुरुवात केली, त्यात या पोराचा वाटा मोठा आहे. त्याचं जग मात्र शहरी कॉलनीचं होतं. अंगणातली बाज, बोअरचं पाणी आटणं, दहावीनंतर पोराला लातूरला शिकायला ठेवायचं की नाही यावरून घरात होणारी वादावादी, हे त्यात कुठून येणार? ती जागा अजून मोकळी आहे.

जुन्या वाचकांना 'वेताळ' (इंग्रजीतला 'फँटम') आठवतो. बरेच जण समजतात की तो कॉमिक बुकातच जन्मला. तसं नाही. ली फॉक यांनी १९३६ साली अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांसाठी ती रोजची स्ट्रिप म्हणून सुरू केली. आपल्याकडे १९६४ला इंद्रजाल कॉमिक्स आली आणि त्याच स्ट्रिपचं पुस्तक होऊन ती बसस्टँडवरच्या स्टॉलवर टांगली गेली.

मराठवाड्यात ही परंपरा का रुजली नाही?

पहिलं कारण इतिहासाचं. मुंबई-पुण्यात वर्तमानपत्रं वाढत होती तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ला 'मराठवाडा' काढलं, तर त्याच्यावर बंदी आली आणि नाव बदलून बदलून अंक काढावे लागले. १७ सप्टेंबर १९४८ला संस्थान भारतात आलं. त्यानंतर अनंत भालेराव यांच्या हाताखाली ते पत्र प्रदेशाचा आवाज झालं, पण तो आवाज अग्रलेखाचा होता. ज्यांना बातमी छापायलाच लढावं लागलं, त्यांना करमणुकीच्या चौकटी सुचणं अवघडच होतं.

दुसरं कारण छापखान्याचं. खिळे जुळवून छपाई व्हायची तेव्हा प्रत्येक चित्राचा जस्ताचा ब्लॉक करावा लागे. जिल्ह्याच्या ठिकाणी ती सोय क्वचितच असायची. ब्लॉक बाहेरून करून आणायचा म्हणजे पैसे गेले आणि दिवसही गेले. पुढाऱ्याचा फोटो वर्षभर वापरता येतो, स्ट्रिपचा ब्लॉक दुसऱ्या दिवशी रद्दी. ब्लॉक न लागणारी ऑफसेट छपाई आली आणि ही अडचण गेली, तोपर्यंत परदेशी स्ट्रिप आयत्या मिळू लागल्या होत्या.

परदेशी स्ट्रिप का छापतात मग? आपल्या माणसाला का देत नाहीत?

हिशोब सोपा आहे. अमेरिकेत सिंडिकेट नावाची व्यवस्था आहे. किंग फीचर्स १९१५ साली सुरू झालं. एकच स्ट्रिप ते जगभरच्या शेकडो पेपरांना विकतात, म्हणून प्रत्येक पेपराला ती स्वस्त पडते, महिनाभराचा माल आगाऊ मिळतो आणि चित्रकार आजारी पडल्याचा फोन कधी येत नाही. तुम्ही एकाच पेपरासाठी काढता, त्यामुळे सगळा खर्च त्या एका पेपरावर पडतो. यावर उतारा एकच: एकमेकांशी स्पर्धा नसलेल्या दोन-तीन जिल्हा दैनिकांना तीच स्ट्रिप द्यायची. परभणीचा वाचक आणि धाराशिवचा वाचक सहसा एक पेपर घेत नाहीत. हे संपादकांना आधी सांगून करा, लपवून नको.

कल्पना कुठून आणता?

कॅलेंडरातून. चेष्टा नाही करत. मराठवाड्याचं वर्ष स्वतःच एक मोठी स्ट्रिप आहे. संक्रांतीच्या आसपास हुरडा. त्याच्या मागंपुढं लातूर-धाराशिवकडची येळवस, म्हणजे वेळ अमावस्या: अख्खं गाव शेतात, आंबील, भज्जी, आणि ज्याला शेत नाही त्याला चार शेतांची आमंत्रणं. माळेगावच्या खंडोबाची जत्रा, तिथला जनावरांचा बाजार. महाशिवरात्रीला परळी, नाथषष्ठीला पैठण, नवरात्रात तुळजापूर. मार्चात परीक्षा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडकडची माणसं उचल घेऊन कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, निघतात आणि म्हाताऱ्यांच्या गळ्यात नातवंडं टाकून जातात. मधे सोयाबीनचा भाव, बँकेची केवायसी, लाइटीचं वेळापत्रक.

माझ्या स्ट्रिपमध्ये आजी, नातू, आणि रोज दारात टमटम लावून बसणारा शेजारी अशी तीन मुख्य माणसं आहेत. नवीन विषय आला की मी विचारतो: आजी याला काय म्हणेल? ती शांत राहिली तर विषय सोडून देतो.

पावसाचं वेगळं आहे. स्ट्रिप आठवडाभर आधी द्यावी लागते, आणि जूनमध्ये काय होईल ते हवामान खात्यालाही नक्की सांगता येत नाही. म्हणून जूनसाठी मी दोन संच ठेवतो, एक पाऊस पडल्याचा आणि एक न पडल्याचा. दुसरा जास्त वापरला जातो.

भाषा प्रमाण वापरायची की आपली बोली?

माझं मत: पात्रांनी आपलं बोलावं, आणि वाचकाला अडखळू देऊ नये. 'काय करायलास?' हे परभणीत, लातुरात, नांदेडात सगळ्यांना कळतं, तिथं 'काय करतो आहेस?' लिहिलं की आजी पुण्याची वाटायला लागते. पण मराठवाड्याची बोली एक नाही. उदगीर-निलंग्याकडं कानडीची संगत आहे, देगलूर-बिलोलीकडं तेलुगूची, संभाजीनगरच्या जुन्या शहरात दखनीची. सगळ्यांना खूश करायला गेलात तर कुणाचीच भाषा राहत नाही. एका तालुक्याचं बोलणं धरा आणि त्याला चिकटून राहा. बाकीचे तालुके चार दिवस नावं ठेवतात, मग तीच वाक्यं मारायला लागतात.

एक काळजी घ्या. बोली म्हणजे अडाणीपणा, असा विनोद करू नका. टीव्हीवर गावाकडचा माणूस तोंड उघडायच्या आधीच लोक हसायला लागतात, त्या रांगेत आपण कशाला उभं राहायचं? माझी आजी बोलीत बोलते आणि घरातली सगळ्यात हुशार तीच आहे.

चौकटीत मजकूर मावत नाही. काय करू?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण तो खरोखर काढणाराच विचारतो. आठ कॉलमच्या पानात एक कॉलम साधारण चार सेंटीमीटरचा. चार कॉलमची स्ट्रिप म्हणजे जेमतेम सोळा सेंटीमीटर, आणि त्यात चार चौकटी. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा-रफार, खाली उकार, त्यामुळं दोन ओळींत रोमनपेक्षा जास्त अंतर लागतं. इंग्रजी स्ट्रिप बघून फुगे आखाल तर फसाल. एका चौकटीत दहा-बारा शब्दांपलीकडं जाऊ नका. आधी मजकूर लिहा, त्याच्याभोवती फुगा काढा, उरलेल्या जागेत माणसं. पहिला बोलणारा डावीकडं आणि त्याचा फुगा वर. आधी माणसं काढली की मग फुगा कुणाच्या तरी डोक्यावर बसतोच.

(उर्दू पेपराला स्ट्रिप द्यायची झाली तर नुसता मजकूर बदलून भागत नाही. वाचन उजवीकडून, म्हणजे चौकटींचा क्रम आणि कोण कुठं उभं हे सगळं उलटं करावं लागतं.)

साहित्य कोणतं वापरता?

जाड कार्ट्रिज पेपर, टाक आणि निब, वॉटरप्रूफ काळी शाई, मोठ्या काळ्या भागांना ब्रश. छापायच्या आकाराच्या दुप्पट काढतो, लहान झालं की हाताची थरथर झाकली जाते. टॅब्लेटवर काढलं तरी काही बिघडत नाही.

पाठवताना मात्र बारीक गोष्टी जपा. रेषाचित्र ६०० डीपीआयला स्कॅन करा. रंगीत पुरवणीसाठी अक्षरं आणि बाह्यरेषा फक्त काळ्या शाईत ठेवा. चार रंग मिसळून केलेला काळा छपाईत जरा सरकला की अक्षरांना भुतासारखी सावली पडते. न्यूजप्रिंटवर शाई पसरते, तेव्हा बारीक जाळीदार छटा टाळा. अक्षरं कॉम्प्युटरवर टाकली असतील तर त्यांचं आउटलाइन (म्हणजे अक्षरांचं चित्र) करूनच फाइल द्या, नाहीतर तुमचा युनिकोड त्यांच्या जुन्या फॉन्टवर गेला की आजी अगम्य बोलायला लागते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. हे शेवटचं वाक्य मी भिंतीवर लिहून ठेवायला तयार आहे.

सुट्टी मिळते का?

साठा असेल तेवढी. सणावारी, आजारपणात वापरायला कोणत्याही तारखेला चालतील अशा काही स्ट्रिप बाजूला ठेवाव्या लागतात. चार्ल्स शुल्झ यांनी 'पीनट्स' २ ऑक्टोबर १९५०ला सुरू केली आणि मदतनीस न घेता १७,८९७ स्ट्रिप काढल्या. त्यांनी मोठी सुट्टी घेतली ती १९९७ साली, पाच आठवड्यांची. शेवटची स्ट्रिप १३ फेब्रुवारी २०००ला छापून आली, त्याच्या आदल्या रात्री ते गेले. दुसऱ्या टोकाला बिल वॉटरसन. 'कॅल्विन अँड हॉब्स' १९८५ ते १९९५, दहा वर्षं. लोकप्रियता शिगेला असताना स्वतःहून थांबवली, बाहुल्या-खेळणी काढायला परवानगी दिली नाही. मला विचाराल तर दोघंही बरोबर होते. आपल्याकडं मात्र चित्रकार थांबण्याआधी बऱ्याचदा पेपरच जागा काढून घेतो, जाहिरात आली म्हणून.

यावर घर चालतं का?

एकट्या स्ट्रिपवर, जिल्हा दैनिकात, नाही चालत. कुठं स्ट्रिपमागे पैसे, कुठं महिन्याचा ठरलेला आकडा, आणि दोन्ही वेळेवर येतीलच असं नाही. बाकीची कमाई आजूबाजूनं येते: दिवाळी अंक (चित्रं पावसाळ्यातच मागवतात, गणपतीत जागे झालात तर उशीर झाला), पाठ्यपुस्तकं, सरकारी खात्यांची जनजागृतीची पत्रकं, शाळांतल्या कार्यशाळा. बरेच जण चित्रकला शिक्षकाची नोकरी सांभाळून काढतात, त्यात कमीपणा नाही. वसंत सरवटे सिमेंट कंपनीत स्थापत्य अभियंता होते आणि मराठीतल्या थोर व्यंगचित्रकारांत त्यांचं नाव घेतात.

पात्राचे हक्क कुणाचे? पेपरचे की माझे?

हे उत्तर दोनदा वाचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ बघा. तुम्ही पेपरात पगारी नोकर असाल आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर वर्तमानपत्रात-नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा. बाकी सगळ्या बाबतीत, म्हणजे पुस्तक, कॅलेंडर, कप, सिनेमा, पहिला हक्क तुमचा. नोकर नसाल, बाहेरून स्ट्रिप देत असाल, तर लेखी देईपर्यंत सगळाच हक्क तुमचा. मात्र कुणी पैसे देऊन स्वतःचं पोर्ट्रेट करून घेतलं तर करार नसताना त्याचा हक्क करून घेणाऱ्याकडं जातो, लग्नात अर्कचित्रं काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कागद आणि सही लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. चित्रकाराच्या हयातीनंतर आणखी ६० वर्षं कॉपीराइट टिकतो, म्हणजे तुमच्या नातवंडांचा प्रश्न आहे. 'आपण घरचेच आहोत, कागद कशाला' असं कुणी म्हणालं की कागद जरूर करा. 'सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमचे' हे शब्द दिसले तर सहीआधी वकिलाकडं जा. एका कपाच्या चहात सांगणारे वकील आपल्याकडं अजून आहेत.

लोक चिडत नाहीत का?

चिडतात. पुढारी कमी, त्यांचे कार्यकर्ते जास्त. स्ट्रिपमध्ये मी खऱ्या माणसाचं नाव आणि आडनाव घेत नाही. आपल्याकडं आडनाव आलं की जात आली, आणि जात आली की विनोद संपला. कायद्याची बाजूही माहीत हवी: १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बदनामीचं कलम ३५६, धार्मिक भावना दुखावण्याचं २९९. ऑनलाइन चित्रांसाठी वापरलं जाणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ मात्र सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ला रद्द केलं. कुणी अजून त्याच्या नावानं दम देत असेल तर तारीख सांगा.

दुष्काळ, शेतकरी आत्महत्या, भूकंप यांवर विनोद करावा का?

ज्याच्यावर वेळ आली त्याच्यावर कधीच नाही. १२ एप्रिल २०१६ला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, पाच लाख लिटर घेऊन. तहानेत हसण्यासारखं काही नव्हतं. पण पाण्यापेक्षा स्वागताचे फलक जास्त दिसत असतील तर त्यावर चौकट काढायला कुणाची हरकत नसावी. आत्महत्येनंतर घरी येणारी चौकशी, सरकारी मदतीला पात्र की अपात्र याचा कागद, त्यासाठी विधवेनं मारलेले हेलपाटे, इथं विनोद बोचरा असावाच लागतो.

काही दिवस मात्र गप्प बसायचे असतात. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी-सास्तूर परिसर कोसळला. अशा वेळी संपादकाला स्वतः फोन करून सांगावं, उद्याची स्ट्रिप टाकू नका. आठवडाभर आधी दिलेली चित्रं त्याच्या टेबलावर असतात आणि धावपळीत ती कुणी बघत नाही.

मुलगा दिवसभर चित्रंच काढतो, अभ्यास करत नाही. काय करावं?

हा फोन आईचा असतो, बाप मागून ऐकत असतो. ताई, त्याला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षा द्यायला लावा. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीत वाढीव गुण मिळतात, घरच्यांचा विरोध तिथंच निम्मा होतो. पुढं छत्रपती संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय आहे, बारावीनंतर बीएफए ही कलेची पदवी, त्यासाठी राज्याची सीईटी. उपयोजित कला घेतली तर जाहिरात, प्रकाशन, ॲनिमेशन असे रस्ते उघडे राहतात. आणि प्रवेश नाही मिळाला तर? आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयानं प्रवेश नाकारला होता. अर्थात प्रवेश नाकारलेला प्रत्येक जण लक्ष्मण होत नाही, हेही त्याला सांगा. त्याला वाचायला द्या. चित्र सरावानं सुधारतं, पण ज्याला गोष्ट सांगता येत नाही त्याची स्ट्रिप महिन्याभरात आटते.

संपादकाकडं काय घेऊन जावं?

एका महिन्याच्या पूर्ण स्ट्रिप, त्यांच्या पेपराच्या कॉलमच्या मापात. पात्रांची ओळख करून देणारं वेगळं पान नको, ओळख स्ट्रिपमधूनच व्हायला हवी. दुपारी तीन-चारच्या सुमाराला जा, संध्याकाळी पानं लागत असतात.

लेखक वेगळा, चित्रकार वेगळा चालतो का?

उत्तम चालतो. पैशाची वाटणी आणि पात्राचा हक्क पहिल्या दिवशी लिहून ठेवा, मैत्री टिकते.

आता एआय चित्रं काढतं. तुमचं काय?

एक चित्र ते झकास काढतं. तीच आजी, तोच चष्मा, तीच चिडायची तऱ्हा वर्षभर सांभाळणं हे वेगळं काम आहे, तेही उद्या जमेल कदाचित. येळवशीला शेत नसलेल्या माणसाला काय वाटतं हे मात्र कुणीतरी त्याला सांगावं लागेल. काही पेपर फुकट मिळतं म्हणून वापरतील, आणि त्या पेपरांनी आधीही पैसे दिले नव्हते.

टमटमवाला खरा आहे का?

पाच जणांना मिसळून केलाय. पाचही जण 'तो मीच' म्हणून सांगत फिरतात, सहावाही एक आहे.

मूळ चित्र विकत मिळेल का?

कागदावरचं असेल तर मिळेल, सही करून देतो. पण कागद विकत घेतला म्हणजे ते चित्र छापायचा हक्क मिळाला असं नाही, त्यासाठी वेगळं विचारावं लागतं. दुकानाच्या पाटीवर आजी रंगवण्याआधी फोन करा, बहुतेक वेळा मी हो म्हणतो. आणि पुढं ते चित्र तुम्ही दहा हजारांच्या वर विकलंत, तर कायद्याच्या कलम ५३अ प्रमाणे त्यात चित्रकाराचाही वाटा असतो. परभणीत अजून तशी वेळ कुणावर आलेली ऐकली नाही.